फुटाला एक सूत

“नीट बघून सांग,” आबा म्हणाले.

“एकोणीस इंच, सहा सूत.”

“पुन्हा लाव.”

मी पट्टी उचलली आणि पुन्हा लावली. समोर टेबलावर गाडीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड पडला होता. इंजिनाच्या कुशीला चिकटून बसणारा, त्याचा धूर बाहेर नेणारा, चार तोंडांचा, ओतीव लोखंडाचा नळ. मधोमध तडकून त्याचे दोन तुकडे झाले होते आणि ते आम्ही तारेने आवळून एकत्र बांधले होते. मी पट्टीचं टोक नखाने दाबून धरलं. आबांना नीट दिसत नव्हतं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरत होता. चालत येणारं माणूस ओळखायचे, पण पट्टीवरच्या रेघा त्यांच्यापुरत्या पुसून गेल्या होत्या.

“एकोणीस इंच, सहा सूत,” मी म्हणाले.

“पट्टी कुठली घेतलीस?”

“डावीकडची. खरी.”

त्यांनी मान हलवली, कानावरची पेन्सिल काढून माझ्यापुढे धरली. “लिही मग.”

माझ्या हातात उजवीकडची पट्टी होती.

माझे वडील श्रीपती सुतार हे कोल्हापुरात उद्यमनगरातले पॅटर्नमेकर होते. लोखंडाची कुठलीही वस्तू ओतायची तर आधी तिची लाकडी प्रतिमा लागते. ती वाळूत दाबायची, काढून घ्यायची आणि उरलेल्या पोकळीत रस ओतायचा. ती लाकडी प्रतिमा म्हणजे पॅटर्न. पण तापलेलं लोखंड निवताना आकसतं, फुटाला एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, म्हणून पॅटर्न मूळ वस्तूपेक्षा तेवढा मोठा करावा लागतो. दरवेळी आकडेमोड नको म्हणून या लोकांकडे एक वेगळी पट्टी असते. दिसायला नेहमीसारखी, पण तिचा फूट खऱ्या फुटापेक्षा एक सूत लांब. आमच्या शेडच्या भिंतीवर दोन खिळे होते. डाव्या खिळ्याला खरी पट्टी, उजव्याला खोटी. वस्तू मोजायची खऱ्या पट्टीने आणि लाकडावर खुणा करायच्या खोट्या पट्टीने. अक्षरओळख व्हायच्या आधी मला हे ठाऊक होतं. शाळेत एकदा चुकून खोटी पट्टी नेली, तेव्हा आईने मला बडवलं होतं.

त्या दिवशी मी वस्तूही खोट्या पट्टीने मोजली. मॅनिफोल्ड खरा वीस इंच होता, म्हणजे ओतून येणारा नग तोकडा पडणार होता. चुकून नव्हे, जाणूनबुजून मोजली.

गाडी होती फोर्ड मस्टँग, अडुसष्ट सालची. कोल्हापुरात कुणी सिनेमा काढला होता, त्यातल्या खलनायकासाठी मुंबईहून आणलेली. सिनेमा आठवडाभरही चालला नाही आणि गाडी स्टुडिओच्या मागे एरंडाच्या झुडपात पडून राहिली. स्टुडिओ विकला गेला तेव्हा आबांनी ती बैलगाडीला बांधून घरी आणली. मी तेव्हा चौथीत होते. गाडी काळी, नाकपुड्या फेंदारलेली, आणि रुंदीला एवढी की अंगणात आईला चालायला वाट उरेना.

“म्हैस आणली म्हैस,” आई म्हणाली. “दूध तरी देईल का?”

तेव्हापासून गाडीचं नाव म्हैसच पडलं. कामधंद्यातून वेळ मिळेल तशी आबा ती उभी करत होते. पंधरा वर्षं. सडलेला पत्रा कापून नवा जोडला, ब्रेकना अँबॅसिडरचे सिलिंडर बसवले, रेडिएटर एका ट्रॅक्टरचा घालून पुढची जाळी दोन बोटं पुढे काढली. फाटका डॅशबोर्ड फेकून सागवानी केला आणि शिसवीचं स्टीअरिंग चाक घडवलं. आई आत-बाहेर करताना टोमणे मारायची. “तुमच्या म्हशीला जरा हाकला तिकडं, मला मिरच्या वाळवायच्यात.” पण डॅशबोर्डला पॉलिश कुठलं, ते तिनेच ठरवलं होतं.

आमच्या गल्लीत गवळ्यांची घरं होती. दिवाळीच्या पाडव्याला ते आपल्या म्हशी पंचगंगेच्या घाटावर धुऊन, त्यांची शिंगं रंगवून, गळ्यात माळा घालून मिरवणूक काढतात. मालक सायलेन्सर काढलेली मोटरसायकल पिटाळत पुढे आणि तो आवाज ओळखून म्हैस त्याच्या मागे धावते. एका पाडव्याला दारात उभी राहून आई म्हणाली होती, “आमची म्हैस कधी निघायची हो? घाटावर धुवायला न्याल, तेव्हा मला बसवून न्या. मग मी सुटले.”

आईला कॅन्सर झाला. पंच्याण्णवच्या दिवाळीत ती माजघरात खाटेवर होती. पाडव्याच्या सकाळी आबांनी पहिल्यांदा आठही सिलिंडर पेटवले. घराच्या कौलांवरून धूळ पडली. पाच-एक मिनिटं इंजिन चाललं आणि तो जुना मॅनिफोल्ड, आधीच चिरलेला असणार, फाडदिशी तडकला. धूर आणि जाळ बॉनेटखालून बाहेर यायला लागला. आबांनी इंजिन बंद केलं आणि हात पुसत आत आले.

“ओरडली गं बाई तुमची म्हैस,” आई म्हणाली. एवढं बोलून तिला धाप लागली.

कार्तिक वद्य पंचमीला ती गेली.

त्यानंतरचे सहा महिने आबांनी शेडचं दार उघडलं नाही. ओट्यावर बसून असायचे. ताट वाढलं तर जेवायचे, नाही वाढलं तर मागायचे नाहीत. मी कॉलेजच्या लायब्ररीत नोकरीला होते. घरी यायला मला भीती वाटायची. मग एका दिवशी आले तर शेडमध्ये रंधा चालल्याचा आवाज येत होता. मी पिशवी तशीच हातात घेऊन उंबऱ्यावर बसले आणि बराच वेळ तो आवाज ऐकत राहिले.

“वर्षश्राद्धाला गाडी घाटावर नेणार,” आबा म्हणाले. ते बऱ्याच दिवसांनी नीट बोलत होते. “तिला तसं म्हणालो होतो.”

“मी पण येतो,” मी म्हणाले. आमच्याकडे मुलीही येतो-जातो म्हणतात. पुण्याला आल्यावर मी ‘येते’ म्हणायला शिकले.

“नको. एकटा जातो मी.”

“आबा, तुम्हाला नीट दिसत नाही.”

“पहाटेचं रिकाम्या रस्त्यानं जायचं. कोण मधी येतंय?” मग म्हणाले, “तेवढं झालं की मी मोकळा.”

हे ते पुन्हा पुन्हा म्हणायला लागले. त्यांच्या दोस्ताला, इस्माईलचाचांना म्हणाले, गल्लीत म्हणाले. तेवढं झालं की मी मोकळा. लोकांना वाटायचं, माणूस सावरतोय.

गणपतीच्या आधी गाडी आतून पुसत असताना मी डॅशबोर्डचा कप्पा उघडला. आत आईचा रुमाल होता, चार घड्या घातलेला. रुमालात बाटली होती. आईला शेवटी शेवटी ज्या झोपेच्या गोळ्या द्यायचो, त्यांची. मला वाटलं उरलेल्या असतील. पण बाटली गच्च भरलेली होती आणि झाकणाखालच्या चिठ्ठीवर औषधाच्या दुकानाची तारीख होती आई गेल्यानंतरच्या चौथ्या महिन्याची.

मी रुमालाच्या चार घड्या होत्या तशाच घातल्या आणि कप्पा बंद केला.

सरळ का विचारलं नाहीस, असं पुढे मला नवऱ्याने विचारलं. ज्याच्या घरात असं विचारता येतं, त्यालाच तो प्रश्न सुचतो. आबांशी मी लाकडाबद्दल बोलू शकत होते, जेवणाबद्दल, पावसाबद्दल. आईचं नावसुद्धा आम्ही घेत नव्हतो. ‘ती’ म्हणायचो. बाटली फेकून दिली असती तर दुसरी आली असती. आणि गोळ्या फेकता येतात, पंचगंगा कुठे फेकणार? मी एवढंच करू शकत होते की पुढच्या दारात अंथरूण टाकून झोपायचं आणि गाडी सुरू होऊ द्यायची नाही.

गाडीत आता फक्त मॅनिफोल्ड बाकी होता. डोळ्यांमुळे मोजायला आणि खुणा करायला मी होते. म्हणून मी उजवीकडची पट्टी घेतली.

पॅटर्नला तीन आठवडे लागले. खुणा मी करून द्यायची. करवत, पटाशी, रंधा आबांच्या हातात. ते काम मी आयुष्यभर पाहिलं होतं, पण तेव्हा पहिल्यांदाच नीट बघितलं. त्यांना दिसत नव्हतं आणि तरीही चुकत नव्हतं. अंगठा लाकडावरून सरकवत न्यायचे, एके ठिकाणी थांबायचे, तिथे केसभर रंधा मारायचे. सागवानातली चार वळणं एकमेकांत मिसळत गेली. मला वाटायचं, एवढं सुंदर लाकूड आपण खोटं करतोय.

दिवाळीच्या आधी पॅटर्न झाला. आबांनी तो टेबलावर ठेवला, जुना मॅनिफोल्ड शेजारी ओढला आणि पॅटर्न उचलून त्याच्यावर धरला. या टोकाला एक अंगठा, त्या टोकाला दुसरा.

त्यांनी दोन्ही कडा अंगठ्यांनी चाचपल्या. मग एका टोकाचा अंगठा काढला आणि पुन्हा ठेवला.

“बसला बघ,” म्हणाले. “मधी केस जायचा नाही.”

त्यांना कळलं नव्हतं.

“वैजू,” ते म्हणाले, “झोप लागती का गं तुला?”

“लागते की.”

“डोळ्याखाली काळं दिसतंय.”

“तुम्हाला कुठलं दिसतंय?” मी थट्टा केली. ते हसले नाहीत. त्या संध्याकाळी त्यांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या आणि आमटी परत मागितली. माझ्या कामाचं विचारलं, पुण्याच्या नोकरीचं पत्र आलं का, असं विचारलं. त्या पत्राबद्दल मी त्यांना कधी सांगितलंच नव्हतं.

पाडव्याला म्हशी धावल्या. आबा दारात उभे राहून नुसता आवाज ऐकत होते. भाऊबीज झाल्यावर आम्ही पॅटर्न इस्माईलचाचांच्या फाउंड्रीत नेला. इस्माईल जमादार म्हणजे आबांचे शाळेपासूनचे दोस्त. आबांनी पॅटर्न करायचा आणि चाचांनी ओतायचा, असं तीस वर्षं चाललेलं. मला लायब्ररीत जायचं होतं म्हणून मी रिक्षातूनच परत फिरले. वळताना पाहिलं तर दोघं वाळूच्या ढिगाजवळ पॅटर्नवर वाकून उभे होते.

दोन दिवसांनी ओतीव नग आला. चाचा स्वतः घेऊन आले. शेडमध्ये फाउंड्रीतली आणखी दोघं-तिघं होती. म्हैस ओरडणार म्हणून बघायला आलेली. आबांनी नग इंजिनाला लावला. एका टोकाचा बोल्ट गेला. दुसऱ्या टोकाचं भोक जुळेना. दोन सूत कमी.

मग एकजण म्हणाला, “श्रीपाअण्णांचं माप चुकलं?” जणू सूर्य चुकला, अशा सुरात.

“चाचा,” मी म्हणाले, “ते मी...”

“गप,” आबा म्हणाले. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, “डोळे गेले माझे. पट्ट्यांची गफलत झाली.”

“त्यात काय?” चाचा म्हणाले. “भोकाला कानस मारू, लांबट करू. बसंल की. उद्याच्या उद्या सुरू करतो गाडी.”

“नको.”

“अरे, श्रीपा...”

“ओढूनताणून बसवायचं नाही. राहू दे.”

मला वाटलं, हा त्यांचा मान. तो मोडला. आणि तो मी मोडला.

वर्षश्राद्धाला आम्ही दोघं चालत घाटावर गेलो. पिंडाला कावळा लगेच शिवला. आबा पाण्याजवळ जायला लागले तेव्हा मी त्यांचा दंड धरला. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला आणि पायरीवर बसले. आम्ही पार उन्हं वर येईपर्यंत बसलो होतो. दुसऱ्या दिवशी मी गाडीचा कप्पा उघडला. रुमाल होता, चार घड्यांचा. बाटली नव्हती. मी घरभर शोधली, त्यांच्या उशीखाली, पेटीत, लाकडाच्या ढिगात. ती मला कधीच सापडली नाही. पण त्यानंतर ‘मी मोकळा’ हे शब्द मी त्यांच्या तोंडून ऐकले नाहीत.

उद्यमनगरात बातमी पसरायला वेळ लागत नाही. श्रीपती सुताराचे डोळे गेले, माप चुकायला लागलं. काम येईनासं झालं. पुढच्या वर्षी मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, चष्म्याने पुन्हा लख्ख दिसायला लागलं. मी म्हटलं, आबा, आता सुरू करा. तर म्हणाले, “झालं की आता.” दोन्ही पट्ट्या खिळ्यांवर तशाच राहिल्या. ते पाट करायचे, देव्हारे करायचे, गल्लीतल्या पोरांना भोवरे करून द्यायचे. सगळं अंदाजाने, दोरीने मोजून. पट्टीला त्यांनी हात लावला नाही. मी पुण्याला गेले, लग्न केलं, मुलं झाली. दर सुट्टीत आले की शेडमध्ये ती काळी गाडी उभी असायची. आबा तिच्यावरची धूळ रोज पुसायचे.

ते अठ्ठावीस वर्षं जगले. एवढी वर्षं मी स्वतःला सांगत होते की एका माणसाला वाचवताना त्याचा हात तोडावा लागला. कधी कधी तेही पटायचं नाही. वाटायचं, बाटली रिकामी झाली नाही, पण मी त्यांना रोज थोडं थोडं मारलं.

यंदा माघात आबा गेले. झोपेत, शहाऐंशीव्या वर्षी. दिवस घातल्यावर मी घर आवरायला म्हणून एकटीच थांबले होते, तेव्हा इस्माईलचाचा आले. नातवाने हाताला धरून आणलं, आत बसवलं आणि तो बाहेर गेला. चाचा गाडीकडे बघत राहिले.

“हिचं काय करणार?”

“ठरलं नाही अजून.”

“हं.”

मी चहा ठेवला. कप त्यांच्या हातात देऊन समोरच्या स्टुलावर बसले. भिंतीवर दोन्ही पट्ट्या होत्या. हे ज्यांना सांगायला हवं होतं त्यांच्यातलं आता एकच माणूस उरलं होतं.

“चाचा, तो मॅनिफोल्ड. ती चूक आबांची नव्हती. मी केली होती, मुद्दाम. मी खोट्या पट्टीनं मोजलं होतं.”

चाचांनी बशीत चहा ओतला, फुंकर घातली.

“ठाऊक हाय,” म्हणाले.

मी स्टूल पुढे ओढलं.

“वैजू, तू सुताराची लेक. पॅटर्न जुन्या नगावर धरला तर कसा दिसाय पायजे?”

“मोठा.”

“किती?”

“फुटाला एक...” मी थांबले.

“तुमचा तंतोतंत जुळत होता. मधी केस जात नव्हता.” चाचांनी बशी खाली ठेवली. “माझा शिकाऊ मोल्डर पण ओळखंल ते. मी वाळूत ठेवायच्या आधीच म्हणालो, श्रीपा, वाढ कुठाय याची? हे ओतलं तर कमी पडणार. तर म्हणाला, पडू दे.”

बाहेर चाचांचा नातू कुणाशी तरी फोनवर बोलत होता.

“मी म्हणालो, अरे, चार माणसांत नाक कापलं जाईल तुझं. तुझं नाव हाय इथं. मग म्हणाला, ‘पोरगी दारात झोपती इस्माईल.’ मला तर काय कळंना. मी म्हणालो, मग? तर खिशातनं एक बाटली काढली, औषधाची, आणि माझ्या भट्टीत टाकली. कसली, ते मी विचारलं नाही.”

“मग पुन्हा पट्टी का धरली नाही त्यांनी? डोळे आले होते की.”

“तेच मी म्हणालो. मी काम देतो म्हणालो. तर म्हणाला, ठाऊक असून खोटं माप ओतायला दिलं. आता त्या हातानं पट्टी धरायची नाही. असला तो.” चाचांनी डोळ्यांवरून टोपी मागे सारली. “तो असेतोवर बोलायचं नाही, असं वचन घेतलं होतं त्यानं. आता तो नाही.”

मी उठून उजवीकडची पट्टी खिळ्यावरून काढली. हातात धरून उभी राहिले.

“मग काय म्हणाले?” मी विचारलं. “बाटली टाकल्यावर?”

“काय म्हणणार? मी अजून पॅटर्न हातात घेऊन उभाच होतो. म्हणालो, श्रीपा, बघ बाबा, एकदा रस पडला की मागं घेता येत न्हाई. तर म्हणाला,” चाचा गाडीकडे बघत होते, “‘पोरीचं माप हाय. ओत.’”